गव्हाचं औषध

"संस्कू, ये गं, लिहून टाक," केसरबाईंनी ओसरीतून हाक दिली. "गव्हाला औषध टाकलं म्हनावं आज."

घराचं अख्खं वर्ष भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडलेलं असायचं. हळद कधी दळली, तिखट कधी कुटलं, गाय कधी फळली, गॅसची टाकी कधी लावली. केसरबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या सांगायच्या आणि तिसरीतली नात लिहायची. काम झालं की लगेच लिहायचं, हा त्यांचा दंडक. गावातल्या बाया सालाची कामं जेठापर्यंत रखडवतात, यांची अक्षयतृतीयेच्या आत हातावेगळी. त्याचा तोरा होताच थोडा.

"निजलीय ती," अंगणात पापड उलटता उलटता सून विजयमाला म्हणाली. "सकाळची शाळा करून दमली लेकरू. म्हनलं, फॅन लावून पड."

"कुठं?"

"आतल्या खोलीत. झळा लई येत्यात, दारं-खिडक्या लावून घे म्हनलं."

गव्हाची कोठी दरसाल ओसरीत असायची. मागल्या पावसाळ्यात ओल लागून गव्हाला सोंडे किडे झाले, म्हणून यंदा त्यांनीच ती आतल्या खोलीत हलवून घेतली होती. सकाळी गहू भरताना किडीच्या औषधाच्या गोळ्याही सढळ हातानं टाकल्या, दुकानदारानं सांगितल्या त्याहून जास्तच. किड्याचा बापबी जगायचा न्हाई, असं म्हणून वर स्वतःशीच हसल्या होत्या.

"अगं, त्या कोठीत औषध टाकलंय मी! त्याचा वास लई विषारी!"

दोघी धावल्या. दाराला आतून कडी होती. कोंबड्या शिरतात म्हणून पोर नेहमीच कडी लावून घ्यायची. फटीतून औषधाचा लसणासारखा उग्र वास येत होता, आणि आज घरात कुणी लसूण सोलला नव्हता.

"संस्कू! ऊठ गं माझे बाय!" केसरबाई दारावर थापा मारत राहिल्या. आतून नुसता फॅनचा आवाज. नारायणगडाला नवस बोलावा म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण पुन्हा पोरीचंच नाव निघालं.

ओरडा ऐकून मुलगा हनुमान गोठ्यातून पहार घेऊन आला. दोन-चार दणक्यांत कडी निखळली. पोर कोठीला पाठ लावून, बाजेवर मुटकुळं करून पडली होती. त्यानं तिला उचलून अंगणात लिंबाखाली आणलं. तिची मान लुळी पडली होती. संपलं, केसरबाईंना वाटलं. आपल्याच हातानं आपण लेकरू मारलं.

विजयमालानं तिच्या तोंडावर पाणी मारलं, गालावर चापट्या मारल्या. पोरीला एक मोठी उलटी झाली, आणि ती रडायला लागली.

"गाडी काढा," विजयमाला नवऱ्याला म्हणाली. "दवाखान्यात घ्या आधी."

"मी येते गं," केसरबाई म्हणाल्या.

सुनेनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. पोरीला कडेवर घेऊन ती मोटरसायकलवर बसली. हनुमान किक मारत होता, पण गाडी लवकर सुरू होईना. तेवढ्यात पोरीनं डोळे उघडले. समोर आजी दिसली तसं तिनं नेहमीसारखे दोन्ही हात पसरले.

"आजी, घे ना."

केसरबाईंचे हात काही वर झाले नाहीत.