शांत रंग

बाबा हृदयाच्या ऑपरेशननंतर घरी आले, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "यांना आता फक्त शांतता हवी." मुलं भलतीच कर्तव्यदक्ष. बाबांच्या खोलीला शांत रंग द्यायचा, हे त्याच दिवशी ठरलं. मुलाने पलंगासमोरच्या भिंतीवर फिकट निळ्याचा पट्टा मारून पाहिला, मुलीने त्याला खेटून फिकट हिरव्याचा.

"निळ्यानं डोकं थंड राहतं," मुलगा म्हणाला.

"थंड कसलं, माणूस गारठेल! हिरव्याकडे बघितलं की कसं निवांत वाटतं."

"तुला रंगातलं काय कळतं गं?"

"आणि तुला बाबांचं काय कळतं?"

सुनेने निळ्याची बाजू घेतली, जावयाने फोनवरून हिरव्याची. "हळू बोल, बाबांना त्रास होतोय!" हे वाक्य तर खालच्या मजल्यावरही स्पष्ट ऐकू गेलं.

बाबा सावकाश उठले, उशी काखोटीला मारली आणि चपला शोधू लागले.

"अहो बाबा, निघालात कुठे?" दोघांनी एका सुरात विचारलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.


"परत हॉस्पिटलात. तिथे नातेवाइकांना संध्याकाळी एकच तास आत सोडतात."