कण्हणं

"अहो! ऐकताय ना?"

श्रीपादरावांनी डोळे उघडले. उजाडलं होतं. बायको त्यांच्या नाकाखाली बोट धरून बसली होती.

"नव्या गोळीनं काय झोप लागली! कंबर ठणकलीच नाही."

"तुम्हाला लागली हो! तुम्ही रात्रभर 'आई गं' करत कण्हता, तेव्हा मी निर्धास्त झोपते. काल आवाजच नाही. सासूबाई अशाच शांत झोपल्या आणि उठल्याच नाहीत."

"वेडी आहेस," ते हसले. पण दुपारी आडवे झाले, तेव्हा शेजारून तिची नजर त्यांना टोचू लागली. भिंतीकडे तोंड करून, काहीच दुखत नसताना, ते हळूच म्हणाले, "आई गं..."

थोड्या वेळात ती घोरू लागली. गोळीची उरलेली गुंगी त्यांनाही ओढत होती. पण आता गप्प व्हायची भीती त्यांनाच वाटू लागली.