गोड खाल्ल्याची कबुली

तिने नवऱ्याच्या कामाच्या पँटचे चारही खिसे उलटे केले. एक मळका रुमाल निघाला, एक वाकडा स्क्रू निघाला. गोडाचा कण नाही.

"कुठे लपवता?"

"अगं, लपवायला काही असायला तर हवं!" नवरा पलंगावर बसून पोटरी चोळत होता. पायात पुन्हा गोळा आला होता.

"पाय चोळायची नाटकं पुरे. हा कागद खोटं बोलतो का?"

कागद लॅबचा होता. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा मागच्यापेक्षा वर चढला होता. नवरा बंदरावर क्रेन चालवायचा, एकवीस वर्षं. आकडा चढू लागला तसं कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला क्रेनवरून खाली उतरवलं. आता तो गोदामाच्या खिडकीत बसून हेल्मेटं आणि हातमोजे वाटत होता. ज्यांना त्याने काम शिकवलं, तेच समोर हात पसरून हातमोजे मागत होते.

घरात साखरेचा डबा आठ महिने नव्हता. ती भात वाटीने मोजून वाढायची. त्याला एकटं वाटू नये म्हणून स्वतःही बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरवायची. आणि तरी आकडा चढतो म्हणजे काय? शर्टांच्या कारखान्यात ती माल तपासायची. एक निसटलेला टाका तिच्या नजरेतून सुटत नसे. अशा बाईच्या डोळ्यांत घरचाच माणूस धूळ फेकतो, या विचाराने तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. एकदा तर ती बंदराच्या कॅन्टीनमध्ये जाऊन विचारून आली. कॅन्टीनवाला म्हणाला, "बाई, ते इथे पाण्याशिवाय कशाला हात लावत नाहीत." तिने ठरवून टाकलं, हाही ह्यांना सामील आहे.

रविवारी लेक, जावई आणि व्याही-विहीण जेवायला आले. विहीणबाईंनी आपुलकीने विचारलं, "तब्येत काय म्हणतेय आता?"

"काय म्हणणार? चोरून खातात ते! मी मेली मोजमाप करत बसते, आणि हे बाहेर हात मारून येतात."

"आई, पुरे ना," लेक हळूच म्हणाली.

"का पुरे? आज सगळ्यांसमोरच होऊन जाऊ दे." ती नवऱ्याकडे वळली. "खाल्लंत की नाही? एकदा काय ते सांगा."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"हो, खाल्लं," तो म्हणाला. "रोज खातो."

व्याही मान खाली घालून भात चिवडत राहिले. लेक उठून स्वयंपाकघरात गेली. बायकोला मात्र छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. निघालं एकदाचं तोंडातून! मग तिने पंधरा दिवस त्याच्याशी अबोला धरला.

अबोला मोडला तो दवाखान्यात. गोदामाच्या पायरीवर पोटरीत असा गोळा आला की तो खालीच बसला. दोघा सहकाऱ्यांनी उचलून आणलं. तपासायला लेकीच्या वयाची डॉक्टरीण होती.

"गोड खातात," त्याने तोंड उघडण्याआधीच बायको म्हणाली. "स्वतः कबूल केलंय."

डॉक्टरणीने मान हलवली, पण बोट त्याच्या फडफडणाऱ्या पापणीजवळ नेलं. "हे कधीपासून? आणि साखरेवरच्या गोळ्यांशिवाय आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

बायकोने पर्समधून पित्ताच्या गोळ्यांची पट्टी काढली. सहा वर्षांपूर्वी छातीत जळजळ झाली, तेव्हा जुन्या डॉक्टरांनी दिलेली. दोन आठवड्यांसाठी दिली होती. तीच ती आणत राहिली. रोज सकाळी स्वतः त्याच्या हातावर ठेवत राहिली.

रक्त तपासलं. मॅग्नेशियम तळाला गेलेलं.

"ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की काही जणांच्या अंगात मॅग्नेशियम मुरतच नाही," डॉक्टरीण म्हणाली. "आणि ते कमी पडलं की इन्सुलिन असूनही नीट काम करत नाही. साखर वाढायला कारणं पुष्कळ असतात, पण यांच्याबाबतीत हे मोठं कारण असू शकतं. पायातले गोळे तर त्याचेच."

पित्ताची गोळी बंद झाली. मॅग्नेशियम आधी सलाईनमधून, मग गोळ्यांतून सुरू झालं. बाकी काही बदललं नाही. तोच मोजलेला भात, त्याच साखरेवरच्या गोळ्या. तीन महिन्यांनी आकडा इतका खाली आला की कंपनीच्या डॉक्टरांनी कागदावर सही केली. सोमवारपासून क्रेन.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर ती मध्येच थांबली. गेले तीन महिने ती पित्ताच्या गोळीवर, औषधाच्या दुकानदारावर, त्या जुन्या डॉक्टरांवर चिडत होती. आता चिडायला कुणी उरलं नव्हतं.

"खरं सांगा. तुम्ही खाल्लं होतंत?"

"कणसुद्धा नाही."

"मग विहीणबाईंसमोर हो का म्हणालात?" तिचा आवाज फाटला. रस्त्यावरचे दोघे वळून पाहू लागले. "आता त्या सगळ्यांसमोर मी तोंडघशी पडले ना! का म्हणालात हो?"

तो चिडला नाही. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आठ महिने खरं सांगत होतो," तो म्हणाला. "तुझा विश्वास बसला तो त्या एका खोट्यावर."