देवाची गाडी

लाईन आली, दिवे लागले. जिनिंग कारखान्याच्या मैदानातली बैलबंड्यांची रांग जरा हलली, आणि खरेदी केंद्राच्या खिडकीत पायलच्या पुढ्यातला कॉम्प्युटर जागा झाला. तिनं इंदूबाईंच्या बंडीची नोंद केली, पावती फाडून गजांतून बाहेर दिली.

ती पावती लगेच परत आत आली.

"काहून व पोरी? ग्रेडरनं तुह्यासमोर सुपर म्हटलं. मंग हा हलका ग्रेड कायचा?"

इंदूबाईंचा कापूस चांदणं भरून आणावं तसा होता. हलका ग्रेड मिळाला होता त्यांच्या आधी नोंदलेल्या गोविंदाच्या किडक्या, कवडी कापसाला. कापसाची ती वर्षं वाईट होती. बोंडअळीनं ठेवलं तेवढंच बंडीत यायचं, आणि त्याचाही ग्रेड उतरला की उभा माणूस मटकन खाली बसायचा.

पायलनं कॉम्प्युटरचा पडदा निरखला. तिनं सुपरच टाकला होता. मशीननं गोविंदाचा ग्रेड उचलून इंदूबाईंच्या नावावर ठेवला होता, झोपेतल्या बाईनं शेजारणीचं लेकरू पदराखाली घ्यावं तसा. पावती एकदा निघाली की इथून बदलत नसे. तिनं यवतमाळच्या ऑफिसात साहेबांना फोन लावला.

"सर, लाईन गेली होती. आल्यावरच्या पहिल्या नोंदीत आधीच्या बंडीचा ग्रेड आला. परवाही असंच झालं, अन् तेव्हाही पहिलीच नोंद होती. बाकीच्या सगळ्या बरोबर आहेत."

बाजूच्या टेबलावर नीळकंठ ऐकत होता. ती खुर्ची कित्येक हंगाम त्याची होती. दिवाळीपासून अर्धा दिवस ती पायलची झाली. तेव्हापासून बंडीवाले आधी डोकावून विचारत, "ताई हाय का खिडकीत?" आणि ताई नसली तर आणखी एक चहा पीत थांबत. चहावाला रामलालसुद्धा पहिला कप तिच्यापुढं ठेवी. ते सारं त्यानं गिळलं होतं. पण आता फोनमधून साहेबांचा आवाज खोलीभर झाला, "वा! इतकं नेमकं आजवर कोणी सांगितलं नाही बघा."

कापसाची गंजी आतून पेटते तेव्हा वर धूरही दिसत नाही. तसं झालं त्याचं.

"नीळकंठला द्या जरा," साहेब म्हणाले. "तुम्ही जुने. तुमच्या हातून झालं का असं कधी?"

"नाही साहेब. कधीच नाही."

एका अर्थी ते खरंच होतं. तो होऊच देत नसे. लाईन आली की तो आधी एक रिकामी नोंद करायचा. नाव देवाची गाडी, वजन शून्य. मशीनची चूक तिच्यावर उतरायची आणि मागून येणाऱ्या खऱ्या बंड्या सुखरूप निघायच्या. नीळकंठभाऊ भाविक आहे, असं रांगेतली माणसं म्हणत. त्यानंही ते तसंच राहू दिलं होतं.

"मग तिचाच हात चुकतोय," साहेब म्हणाले. "उद्यापासून तिला मशीनवर बसवू नका. ती पावती राहू द्या तशीच."

पायलनं सगळं ऐकलं होतं. ती उठली. तोंड एवढंसं झालं होतं, पण आवाजात राग नव्हता.

"तुमीच बसा, दादा. मी मागं उभी राह्यते. मले पाहू द्या, मी कोठी चुकली ते."

तिच्या या शिकण्याचीच त्याला जास्त चीड आली.

तो बसला. दोन बंड्या निघाल्या. तिसरी सेवादासची लागली आणि लाईन पुन्हा गेली. इंदूबाई बंडी बाजूला घ्यायला तयारच नव्हत्या. गजांना धरून तिथंच उभ्या होत्या. थोड्या वेळानं लाईन आली, आणि नीळकंठच्या बोटांनी त्याला न विचारताच नाव लिहिलं. पावती निघाली.

"हे काय, दादा?"

"देवाची गाडी. पहिली देवाले."

पायलनं ती पावती उचलली. शून्य वजनापुढं आधीच्या बंडीचा ग्रेड छापला होता. तिनं तो वाचला आणि पावती अलगद टेबलावर ठेवली.

इंदूबाईंनी गजांतून विचारलं, "काहो नीळकंठभाऊ, तुमच्या देवाची गाडी मघाशी कोठी अडकली होती? माह्या बंडीच्या वक्ताले काहून नाही आली?"

"मावशे, देवाले बी रांगेत उभं राहा लागते!" सेवादास म्हणाला, आणि सारी रांग हसली. हसणाऱ्यांना काही कळलं नव्हतं. ज्या दोघांना कळलं होतं, ती दोघं एकमेकांकडं पाहत नव्हती.

नीळकंठनं फोन ओढला.

"साहेब, मशीनच चुकते. लाईन आल्यावरची पहिली नोंद. आता माझ्या हातूनही तेच झालं."

"म्हणजे पोरगी बरोबर होती."

"हो."

"बसू द्या तिला मशीनवर. त्या बाईची पावती इथून बदलतो, दुरुस्तीलाही माणूस पाठवतो. आणि नीळकंठ, तिला माझी शाबासकी सांगा. नाव घेऊन सांगा, सगळ्यांसमोर."

त्यानं फोन ठेवला. पायल समोरच उभी होती.

"काय म्हणाले सर?"

"मावशीची पावती बदलून राह्यले." तो खुर्चीवरून उठला. "तू बस खिडकीत."

"अन्?"

खुर्चीवर कापसाची बारीक लव बसली होती. ती तो तळहातानं झटकत राहिला, निघून गेली तरी झटकत राहिला.

"अन् काही नाही," नीळकंठ म्हणाला.