पेजेची वाटी

‘घासाला नावं ठेवू नयेत गं पोरी,’ लहानपणी आई चुलीपाशी दम भरायची. आता त्याच आईला वरणभात तिखट लागत होता, पेजही झोंबत होती.

‘अगं, मिठाशिवाय काही नाही त्यात! केमो सोसायला अंगात बळ नको?’ वैजूनं वाटी आदळली. ‘की पंगतीचं आवतण धाडू?’

आईनं पदर तोंडावर ओढला. आठवडाभर हेच चाललं होतं. वैतागून वैजूनं पदर बाजूला केला. ‘आ कर बघू!’

जिभेवर दह्यासारखा पांढरा थर होता.

‘बुरशी आहे ही, आई! दिसताक्षणी कळवा, अंगात पसरते, म्हणाले होते ना डॉक्टर?’

‘कळवलं असतं तर सोमवारची केमो पुढे ढकलली असती,’ आई पुटपुटली. ‘तुझी रजा तेवढ्यापुरतीच. नंतर शेजारी कोण बसणार? एकटीला भीती वाटते गं मला.’