खंडेनवमीचा नारळ

"लॅपटॉप चालू असताना दणका बसला होता का?" दुरुस्तीवाल्याने विचारलं. आतून टकटक आवाज येत होता.

"छे!" मी म्हणाले. प्रबंधासाठी चार वर्षं घेतलेल्या मुलाखती त्यातच होत्या, दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

"दणक्याने हार्ड डिस्कची सुई तबकडीवर घासते. ओरखडे पडतात."

शेजारी उभ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला परवाची खंडेनवमी आठवली. "बंद करू नकोस, चालतं हत्यार पुजावं," म्हणत त्यांनी लॅपटॉप पाटावर मांडला होता. त्याच पाटाच्या कडेवर नारळ फोडला होता.

मी चाचरत ते सांगितलं.

"एकच दणका असेल तर थोडंफार वाचेल."

"तीन," बाबा म्हणाले. "नारळ फुटतच नव्हता."