दंडावरची बोटं

ऑपरेशननंतर माझ्या धाकट्या बहिणीच्या दंडातल्या शिरेत पुन्हा रक्ताची गुठळी झाली. रक्त पातळ करायचं औषध चालू असूनही, नेमकी त्याच जागी.

"हा दंड कोणी आवळला का?" डॉक्टरांनी विचारलं. सुजलेल्या कातडीवर चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे खळगे उमटले होते.

मी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस पहिल्यापासूनच माझ्या डोक्यात जातो.

"ताई, माझ्याकडे काय बघताय? मी तिला हातसुद्धा लावलेला नाही!"

मी त्याची बोटं खळग्यांशी लावून पाहिली. ती फारच जाड निघाली. तरी त्याला घरी पिटाळलं, खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले. उशीवर ठेवलेल्या तिच्या हातावरून नजर म्हणून हलवली नाही.

भर दुपारी, लख्ख उजेडात, माझ्या डोळ्यांदेखत दंडावर एक खळगा पडला. मग त्याच्या शेजारी दुसरा. अंगठ्याचा सगळ्यात शेवटी, सावकाश, खोल.

धाकटी डोळे न उघडताच कण्हली, "ताई, सोड ना गं. रोज किती दाबतेस!"

माझा उजवा हात माझ्या मांडीवरच होता. त्याची बोटं मात्र कशाभोवती तरी घट्ट आवळलेली होती, आणि मला ती उघडता येईनात.